अर्ध्या सुताचा बाळबोध

पाठ शून्य

हातातला पाना पिशवीत ठेवा. पिशवीची चेन लावा. पिशवी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. गिऱ्हाइकाकडे कुत्रा असेल तर त्याच्या ताब्यात द्या. एवढं झालं की हा पाठ पुन्हा वाचा, कारण आजवरचा अनुभव असा, की तिसरा पाठ येईस्तोवर पाना परत हातात आलेला असतो आणि तो कसा आला हे कुत्र्यालाही सांगता येत नाही.

पियानोच्या पोटात फिरवण्याजोगं फार आहे, हीच पंचाईत आहे. पट्ट्या ८८. प्रत्येकीच्या वाट्याला निदान पाच-सहा जागा अशा, की पाना लावला तर काहीतरी वर किंवा खाली होतं. गुणाकार तुम्हीच करा. दुकानातल्या सगळ्या बरण्या उघड्या ठेवून वाणी जेवायला गेलाय, अशा दुकानात तुम्ही शिरलाय. म्हणून पिशवीतून सध्या फक्त चार वस्तू बाहेर येतील: ब्रश, साधा स्क्रू ड्रायव्हर, पेन्सिल आणि खोडरबर.

आणखी एक घोळ इथेच निस्तरू. ट्यूनिंग म्हणजे तारा सुरात लावणं. व्हॉइसिंग म्हणजे हातोडीच्या नमद्याला सुया टोचून किंवा कानस मारून आवाजाचा पोत ठरवणं. मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात, त्याच जातीचं काम. आणि रेग्युलेशन म्हणजे बोट आणि तार यांच्यामध्ये जी लाकूड, लोकर, कातडं आणि तारेची भली मोठी वरात उभी आहे, तिला एका चालीने चालायला लावणं. गिऱ्हाइकाला या तिन्हींसाठी एकच शब्द माहीत असतो: ट्यूनिंग. त्याची समजूत घालत बसू नका. बिलात तीन वेगळ्या ओळी लिहा, म्हणजे तोच विचारेल.

(धंद्यात सगळे ‘की’ म्हणतात. पण मराठीत ‘की’ लिहायला घेतलं की कुठली ‘की’ लाकडाची आणि कुठली वाक्यातली, हे कळेनासं होतं. पेटीवाल्यांचा ‘पट्टी’ हा शब्द चांगला आहे, तोच वापरू.)

पाठ पहिला: कोण कोणाला ढकलतं

आपण ग्रँड पियानोबद्दल बोलतोय. मुंबईतल्या घरांत भिंतीला टेकलेले अपराइट जास्त, पण एकदा ग्रँड कळला की अपराइटचं भांडण समजायला सोपं जातं.

पट्टी म्हणजे बागेतली सी-सॉ. पुढचं टोक बोटाने खाली गेलं की मागचं वर येतं. मागच्या टोकावर कॅपस्टन नावाचा पितळी गोंडा, तो वरच्या विपन नावाच्या तरफेला उचलतो. विपनमधला जॅक हातोडीच्या दांड्याखालच्या कातडी रोलरला ढकलतो, आणि हातोडी तारेकडे निघते. इथवर कुठल्याही सुताराला सुचेल. खरी गंमत पुढे आहे: तार अगदी हाताशी आली की जॅक रोलरखालून निसटतो. उरलेलं अंतर हातोडी स्वतःच्या जोरावर उडत जाते, तारेवर आपटते आणि मागे येते. जॅक निसटला नाही तर हातोडी तारेला चिकटून बसते, आणि गाण्याऐवजी ‘ठप्प’ असा आवाज येतो, दार लोटल्यासारखा.

हे निसटणं फ्लॉरेन्समध्ये मेडिची घराण्याच्या राजपुत्राची वाद्यं सांभाळणाऱ्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास बसवलं. त्याचे तीन पियानो अजून शिल्लक आहेत: १७२० चा न्यूयॉर्कला, १७२२ चा रोमला आणि १७२६ चा लाइपझिगला. पुढे १८२१ मध्ये एरार घराण्याने पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच स्वर पुन्हा वाजवता येईल अशी दुहेरी युक्ती पेटंट केली. आजच्या ग्रँडमध्ये जी यंत्रणा आहे तिचं मूळ तेच. म्हणजे तुम्ही ज्याला हात लावणार आहात तो दोनशे वर्षांचा संसार आहे. पाना अजून पिशवीतच आहे ना?

मोजमापं मिलिमीटरमध्ये छापलेली असतात, पण आपल्या सुतारांच्या सुतात ती इतकी सुरेख बसतात, की एरारचा कोणी मामा गिरगावात मिस्त्री असावा. इंचाचे आठ सूत. हातोडी स्वस्थ बसलेली असताना तारेपासून चौदा सूत दूर, फार तर केसभर जास्त. पट्टी दाबल्यावर खाली जाते तीन सूत आणि वर थोडं, म्हणजे दहा मिलिमीटरच्या आसपास. जॅक निसटायचा तो हातोडी तारेपासून अर्धा सूत उरली की. निसटल्यावर हातोडी आणखी अर्धा सूत खाली उतरते. आणि तारेवरून परत येताना बॅकचेकने तिला पकडायचं ते साधारण पाच सुतांवर. कारखान्यागणिक हे आकडे थोडे बदलतात. ज्या पियानोसमोर बसलात त्याचं पुस्तक मिळालं तर त्याचं ऐका, माझं नको.

आता हे दोन आकडे पुन्हा बघा: बोटाखाली तीन सूत, तारेपाशी चौदा. बोटाची हालचाल हातोडीपर्यंत पोचताना जवळजवळ पाचपट होते. त्याच हिशेबाने तळमजल्यावरचा केसभर दोष गच्चीवर पाच केसांचा होतो. नवशिका गच्चीवर उभा राहून पाच केस विंचरत बसतो. खाली कोणी जात नाही, कारण खाली धूळ असते.

पाठ दुसरा: बाहेर काढणे

पुढची लाकडी फळी, दोन्ही कोपऱ्यांचे ठोकळे आणि झाकण काढलं, की पट्ट्यांसकट सगळी यंत्रणा खणासारखी पुढे ओढता येते. एकच नियम: ओढताना कुठल्याही पट्टीला बोट लागू देऊ नका. पट्टी दबली की तिची हातोडी वर डोकं काढते, समोर खुंट्यांचा जाड लाकडी ठोकळा आहे, आणि तुम्ही ओढताय.

मी पहिल्या वर्षी कोपर टेकलं होतं. आवाज छोटासाच आला, वाळलेली शेवग्याची शेंग मोडावी तसा. आमचे उस्ताद गोव्याचे. धोबीतलावच्या एका खोलीत त्यांचं दुकान होतं आणि त्यात पियानो कमी, पियानोंचे पाय जास्त. त्यांनी हातोडीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “जालें?” त्या दिवसाची उरलेली दुपार मी मोडलेला दांडा भोकातून कोरून काढण्यात घालवली. तुम्ही हा पाठ वाचून शिकाल अशी माझी अपेक्षा नाही. पण शेवग्याची शेंग ओळखाल.

पाठ तिसरा: केर

पट्ट्या एकेक करून काढा. प्रत्येकीवर नंबर असतो. नसला तर पेन्सिलीने घाला, आणि “माझ्या लक्षात राहील” हे वाक्य पुन्हा तोंडातून काढू नका. आता खाली बघा.

तिथे काय काय सापडतं याची यादी करण्यात अर्थ नाही, पण काही गोष्टी हमखास असतात: केसांच्या पिना, बेस्टची तिकिटं, पेन्सिलीचं टोक, चलनातून गेलेली नाणी, लग्नाच्या अक्षता, आणि कोणीतरी रुमालात बांधून ठेवलेल्या, आता वाटाण्याएवढ्या उरलेल्या डांबरगोळ्या. डांबरगोळ्या ठेवणारी आजी मूर्ख नव्हती. पियानोत लोकर भरपूर, आणि लोकरीला कसर लागते. शालीला लागते तशीच नमद्याला. बारीक भोकं, तळाशी भुरभुरीत चुरा आणि इकडेतिकडे पांढुरक्या अळ्यांची टरफलं दिसली, तर आजचं रेग्युलेशन रद्द झालं असं समजा. खाल्लेला नमदा बदलायचा असतो. त्याची उंची मोजून काही होत नाही.

उंदराचं घर निघालं तर घरच्यांना हाक मारून दाखवा. नाहीतर बिल बघितल्यावर त्यांना वाटेल, उंदीर तुम्ही आणला.

झाडताना एक वास घ्यायला विसरू नका: शिवणयंत्राच्या तेलाचा. पावसाळ्यात पट्टी किंवा हातोडी चिकटते, घरातल्या कर्त्या पुरुषाला वाटतं यंत्र आहे तर तेल लागणारच, आणि तो कुपीची चोच आत घालून मोकळा होतो. आठ दिवस सगळं लोण्यासारखं चालतं. मग बारीक पितळी पिनांभोवतीचं लोकरी कापड तेल पिऊन फुगतं, त्यावर धूळ बसते, आणि त्या दोघांचा मिळून जो डिंक तयार होतो त्याला उतारा नाही. पिना काढा, कापड बदला. पियानोच्या आयुष्यात तेल घातलेला दिवस हा दुखवट्याचा दिवस असतो, आणि घरात त्याचा उल्लेख नेहमी “मी जरा सर्व्हिसिंग केलं होतं” असा होतो.

पाठ चौथा: स्क्रू, पण ते नव्हेत

तुमचा हात शिवशिवतोय हे दिसतंय मला. तर घ्या, फिरवायला देतो. हातोड्यांच्या फ्लॅंजचे (म्हणजे हातोडी जिच्यावर झुलते त्या लाकडी बिजागरीचे) ८८ स्क्रू आणि विपनच्या फ्लॅंजचे ८८, मिळून १७६. शिवाय सगळी यंत्रणा धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचे वेगळे. हे फिरवल्याने काहीच वर-खाली होत नाही, कुणाला कौतुक वाटत नाही, आणि हेच आधी करायचं असतं.

लाकूड पावसाळ्यात फुगतं. स्क्रूच्या डोक्याखाली फुगायला जागा नसते, म्हणून तिथले तंतू दबतात. ऑक्टोबर उलटल्यावर लाकूड आकसतं, पण दबलेले तंतू पूर्ववत होत नाहीत. स्क्रू मात्र होता तिथेच असतो. अशी चार-पाच वर्षं गेली की फ्लॅंज दातासारखी हलायला लागते. हलणाऱ्या फ्लॅंजवर तुम्ही हातोडीचं अंतर अर्ध्या सुताच्या हिशेबात बसवणार. बसवा. मोदक गरम वाफेत उभा राहतो तितका वेळ ते राहील.

कुठून तरी खटखट आवाज येतो अशी तक्रार असेल, तर दहातल्या बऱ्याच वेळा तो यातलाच एक स्क्रू असतो. हे गिऱ्हाइकाला लगेच सांगू नका. थोडा वेळ कान लावून ऐकल्यासारखं करा. धंदा आहे.

किती आवळायचा, हे मनगटाला शिकावं लागतं. स्क्रू थांबला की थांबा, मग जेमतेम पाव फेरा. त्यापुढे लाकडातले आटे तुटतात, स्क्रू नुसताच गोल फिरतो, आणि मिस्त्री लोकांचा जुना उपाय करावा लागतो: भोकात आगकाडीची काडी आणि सरस. उपाय चालतो. पण एका पियानोत सतरा आगकाड्या मोजल्यावर मला आधीच्या मिस्त्रीच्या मनगटाबद्दल नाही, स्वभावाबद्दल माहिती मिळाली.

आवळताना हातोडी बाजूला सरकते. सरकू द्या, आत्ता सरळ करत बसू नका. हातोड्या आधी रांगेत लावून मग स्क्रू आवळणारा माणूस केर काढून झाल्यावर जळमटं काढणारा असतो.

पाठ पाचवा: चहा

चहा येईल. तो पियानोवर ठेवला जाईल. उचला.

पाठ सहावा: पाट डगमगतो का

सगळ्या पट्ट्या एका लाकडी चौकटीवर बसतात, आणि चौकट पियानोच्या तळफळीवर नुसती ठेवलेली असते. डाव्या पॅडलने ती बाजूला सरकते, म्हणून खिळून टाकता येत नाही. जेवायच्या पाटाचा एक पाय आखूड असला तर घास घेताना काय होतं ते आठवा. चौकट पुढच्या बाजूला दोन केस अधांतरी असेल, तर जोरात वाजवताना पट्टी खाली जाते आणि तिच्यासोबत चौकटही. वाजवणारा म्हणतो, “हात लागत नाही.” तो खरं सांगतोय. त्याच्या जोराचा काही भाग तळफळी खाते.

तपासायला अवजार लागत नाही. चौकट जागेवर बसवून पुढच्या कडेवर बोटाच्या पेराने टकटक करत जा; जिथे दोनदा वाजल्यासारखं वाटेल तिथे पोकळी. कागदाची चिंचोळी पट्टी कडेखाली घालून ओढून बघा. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. पुढची आणि मागची बाजू नीट टेकली की मगच मधल्या दांड्याखालचे बोल्ट, आणि तेसुद्धा तळफळीला स्पर्श होईल इतकेच. अर्धा फेरा जास्त झाला की तेच बोल्ट आख्खी चौकट उचलून धरतात आणि सगळ्या पट्ट्यांची उंची बदलते. म्हणजे ज्याने हा पाठ गाळला आणि पट्ट्या आधी समतल केल्या, त्याला त्या दुसऱ्यांदा समतल करायचं सुख मिळतं. मी दोन्ही केलंय. दुसरं समतलन पहिल्यापेक्षा चांगलं होतं, एवढाच त्यातला फायदा.

पाठ सातवा: जुलै आणि फेब्रुवारी

इथे जरा थांबू, कारण परदेशी पुस्तकं इथे आपल्या उपयोगाची नाहीत. ती लिहिणाऱ्यांच्या खोलीत हीटर असतो. त्यांची लाकडं थंडीत वाळून तडकतात. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि खिडकी उघडी ठेवली तर पियानोलाही अंघोळ होते.

प्रत्येक पट्टी दोन पिनांवर चालते, एक मध्ये, एक पुढे, आणि दोन्ही ठिकाणी भोकाला लोकरी कापडाचं अस्तर असतं. पट्टीचं पुढचं टोक थोडं उचलून सोडा. आपल्या वजनाने खाली आली तर ठीक. विचार करत आली तर अस्तर घट्ट आहे. त्यासाठी चपट्या जबड्याची खास पक्कड मिळते, ती अस्तर दाबून जागा करते. काम सोपं आहे, हाताला गोड लागतं, आणि म्हणूनच घातक आहे. जुलैमध्ये तुम्ही ८८ पट्ट्या दाबून मोकळ्या केल्या, गिऱ्हाईक खूश, तुम्ही खूश. फेब्रुवारीत अस्तर आकसतं आणि तोच पियानो बैलगाडीसारखा खुळखुळायला लागतो. दाबलेली लोकर परत फुगवायला पक्कड नाही.

तेव्हा पावसाळ्यात अडलेल्या पट्ट्यांपुरताच हात लावा, तोही कंजूषपणाने, आणि बाकीचं कोरड्या दिवसांवर ढकला. गिऱ्हाइकाला सांगा, खोली कोरडी ठेवा. काही जुन्या घरांत पियानोच्या पोटात कमी वॉटचा बल्ब लावून ठेवतात. कपाटातल्या शालूंसाठी लावतात तसा. बल्ब नमद्यापासून दूर आहे ना तेवढं बघा. दिवसरात्र एसी चालणारं घर असेल तर उत्तम. दिवसा एसी आणि रात्री खिडक्या सताड उघड्या असं घर असेल, तर त्या पत्त्याला नियमित उत्पन्न समजा.

पट्ट्या समतल करायच्या त्या कागदाच्या बारीक चकत्यांनी. मधल्या पिनेवर नमद्याची चकती असते. कागद तिच्या खाली घालायचा, वर नाही, वर घातला तर तो वाजतो. सगळ्यात पातळ कागद इतका पातळ, की शिंक आली तर बाजूला तोंड करा.

पाठ आठवा: नाकासमोर

हातोडी हळूच उचलून सोडा. ती झोक्यासारखी पाच-सहा-सात वेळा हेलकावे घेऊन थांबली तर तिची पिन ठीक. एकदाच हललेली हातोडी आजारी आहे, आणि बारा वेळा हललेली तिच्यापेक्षा जास्त आजारी आहे, कारण ती बाजूलाही डुलते. वर जाताना ती नाकासमोर जाते का बघा. तिरकी जात असेल तर फ्लॅंजखाली एका बाजूला डिंकाच्या कागदाची बारीक पट्टी. मग ती आपल्या तारांच्या बरोबर मध्ये लागते का, ते बघा. जुन्या पियानोत फ्लॅंजखाली कोणाकोणाचे कागद निघतात. एकदा छापील कागदावर गुजरातीत बाजारभाव होते.

पाठ नववा: आता

कुत्र्याकडून पिशवी परत घ्या.

रेग्युलेशन असं असतं: प्रत्येक विभागाच्या पहिल्या आणि शेवटच्या पट्टीला नमुना म्हणून पूर्ण बसवा, मग मधल्यांना त्यांच्या रांगेत आणा. जॅक रोलरखाली नीट उभा करा. चौदा सूत, अर्धा सूत, पुन्हा अर्धा सूत, तीन सूत, पाच सूत. खर्जाच्या तारा जास्त झुलतात, तिथे निसटणं जरा लवकर. विपनमधली स्प्रिंग इतकीच ताठ, की बॅकचेकमधून सोडलेली हातोडी चटकन उठावी पण बोटाला धक्का देऊ नये. एक माप बदललं की शेजारचं थोडं हलतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून एक फेरी. दुसरी फेरी पहिलीच्या निम्म्या वेळात होते.

खाली सगळं घट्ट, स्वच्छ आणि टेकलेलं असेल तर या पाठात सांगण्यासारखं एवढंच आहे. पाना इतका थोडा फिरवावा लागतो, की फसवल्यासारखं वाटतं.

यंत्रणा आत सरकवा. कोपर. शेवग्याची शेंग. शाबास.

गिऱ्हाईक येईल, एक सूर हळू दाबेल, मग तोच आणखी हळू, आणि तो तरीही वाजेल. ते वळून म्हणेल, “वा! ट्यूनिंग काय झालंय!” तुम्ही तारांना हातसुद्धा लावलेला नाही. मान डोलवा.

राहिलंच: यंत्रणा आत सरकवण्याआधी डावीकडची पहिली पट्टी काढून तिच्या कुशीवर पेन्सिलीने तारीख आणि केलेलं काम लिहायची आपल्यात पद्धत आहे. तिथे आधीच्यांच्या तारखा असतात, वाचायला मजा येते. मागच्या महिन्यात वांद्र्याला एक पट्टी काढली. खाली दोन जुनी, पुसट इंग्रजी अक्षरं, आणि त्यांच्यावर ठसठशीत मराठीत ‘संपूर्ण रेग्युलेशन केले’, महिना जुलै. अक्षर माझं होतं. चौकट पुढच्या बाजूला दोन केस अधांतरी होती आणि पट्ट्या खुळखुळत होत्या.

खोडरबर पिशवीच्या तळाशी सापडला, पान्याच्या खाली.